ओल्या रानात फोर-व्हील ड्राइव्ह एटीव्ही कशी वापरावी

पावसाने उघडीप दिली तरी रान लगेच कामाला येत नाही. भारी जमिनीत वाफसा, म्हणजे कामाजोगी ओल, यायला चार-सहा दिवस लागतात, तेवढ्यात तण वीतभर वाढते, आणि घाई करून ट्रॅक्टर घातला तर चाकोरीत पाणी साचते व ती पट्टी हंगामभर कडक राहते. फवारणी, खताच्या पोत्यांची किंवा रोपांची ने-आण, कुंपणाची आणि चरांची पाहणी अशा हलक्या पण निकडीच्या कामांसाठी फोर-व्हील ड्राइव्ह एटीव्ही, म्हणजे हँडलने वळवायची, जाड टायरांची, घोड्यावर बसल्यासारखे बसून चालवायची चारचाकी गाडी, या दिवसांत फार उपयोगी पडते. गाडी घेताना इंजिनाच्या ताकदीची चर्चा सर्वांत जास्त होते. ओल्या रानात मात्र गाडी चालते ती हलकेपणावर, आणि आपण तिच्यावर जेवढे लादतो तेवढा तो हलकेपणा खर्च होतो. पुढील सर्व सूचना या एका हिशेबातून आल्या आहेत.

मोठ्या वर्गातील एटीव्हीला साधारणतः ७०० ते १००० सीसीचे इंजिन असते. एका सिलिंडरचे ७०० सीसी इंजिन ४५ ते ५० अश्वशक्ती देते, तर दोन सिलिंडरचे १००० सीसी इंजिन ९० अश्वशक्ती किंवा त्याहून थोडी अधिक देते. आकडा ट्रॅक्टरसारखा दिसला तरी गाडी ट्रॅक्टर होत नाही. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो आणि एटीव्ही ३०० ते ४०० किलोंमध्ये येते. जमिनीत ओढ निर्माण होते ती चाकांवरच्या वजनामुळे, त्यामुळे एटीव्हीकडून नांगरटीची किंवा खोल मशागतीची अपेक्षा ठेवू नये. अवजारे फिरवण्यासाठी ट्रॅक्टरला असतो तसा पीटीओही तिला सहसा नसतो. होंडाने १९८६ मध्ये आणलेल्या चारही चाकांनी ओढणाऱ्या एटीव्हीचे इंजिन ३५० सीसीचेच होते आणि त्या ताकदीवरही शेतावरची कामे होत होती, हे मोठ्या इंजिनासाठी जादा खर्च करण्यापूर्वी लक्षात घ्यावे. चढाच्या रानात भरलेला ट्रेलर ओढायचा असेल तर मोठे इंजिन कामाचे आहे. सपाट रानातल्या फवारणीला त्याचा फारसा उपयोग नाही.

या गाडीचे टायर रुंद आणि मऊ असतात व त्यांत हवा अगदी कमी, बहुतेक वेळा ५ ते ७ पीएसआय, भरायची असते. टायर जमिनीवर जेवढा दाब टाकतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाच्या आसपासच असतो, म्हणून ट्रॅक्टरच्या चाकाखाली जी माती दबून बसते ती येथे वरच्या थरातच थोडी दबते. इतका कमी दाब मोटारीच्या नेहमीच्या मापकावर नीट वाचता येत नाही, कारण त्या मापकावर १० पीएसआयच्या खालच्या खुणा विश्वासार्ह नसतात. त्यासाठी कमी दाबाचा वेगळा मापक घ्यावा आणि सकाळी टायर थंड असताना दाब पाहावा. पंक्चरच्या दुकानात अंदाजाने हवा भरून घेतली तर टायर दगडासारखा होतो, गाडी उसळते, आणि ओल्या रानात जाण्याचा मूळ हेतूच राहत नाही. दाब किती ठेवावा हे गाडीवरील पट्टीवर लिहिलेले असते. भार वाढला की दाबही त्यात सांगितल्याप्रमाणे वाढवावा.

गाडी हलकी असली तरी चिखल तुडवायचा परवाना मिळाला असे समजू नये. रानात शिरण्यापूर्वी वितभर खोलीवरची मूठभर माती घेऊन तळहातावर वळून पाहावी. तिची पेन्सिलीएवढी वळी न तुटता होत असेल तर त्या दिवशी बांधावरूनच परतावे, कारण अशा ओलीत पाच पीएसआयचे चाकही मातीची घडण मोडते. वळी तुटून माती भुरभुरीत होत असेल तर वाफसा आला असे समजून काम सुरू करावे. माती दबण्याचा मोठा भाग पहिल्याच फेरीत घडतो, तेव्हा प्रत्येक फेरीला नवा मार्ग न काढता ठरलेल्या चाकोरीवरूनच ये-जा करावी. वळताना विशेष काळजी घ्यावी. बहुतेक एटीव्हींची मागची दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असतात, त्यामुळे तंग वळणावर आतले चाक घासटत जाऊन माती खरवडते आणि रोपे उपटते. मागचे चाक मोकळे करण्याची सोय असलेली गाडी मिळत असेल तर बागायतदाराने तिला पसंती द्यावी.

फोर-व्हील ड्राइव्हचे बटण केव्हा दाबावे याविषयी अनेकांचा गोंधळ होतो. कोरड्या वाटेवर दोन चाकांवरच चालवावे, त्यामुळे हँडल हलके राहते आणि टायर कमी झिजतात. चिखलाची पट्टी समोर दिसताच, रुतण्यापूर्वी आणि गाडी थांबवून किंवा अगदी हळू करून, चारही चाके जोडावीत. चाक गरगर फिरत असताना बटण दाबले तर पुढच्या डिफरन्शियलला, म्हणजे पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला, झटका बसतो. पुढचे डिफरन्शियल लॉक केल्यावर पुढची दोन्ही चाके सारखीच फिरतात आणि एक चाक अधांतरी असले तरी दुसरे ओढत राहते, पण हँडल इतके जड होते की वळणे कठीण जाते. लॉकचा उपयोग अडकल्या जागेतून सरळ बाहेर पडण्यापुरताच करावा.

बहुतेक एटीव्हींत गिअरऐवजी दोन कप्प्यांवर फिरणारा रबरी पट्टा ताकद पोहोचवतो. पट्ट्याच्या या कप्प्या वेगानुसार आपोआप रुंद-अरुंद होतात, म्हणून चालवणे सोपे असते, परंतु पट्टा घसरला की तो तापतो. ओझे ओढत असताना, चढावर किंवा चालण्याच्या वेगाने काम करताना लीव्हर नेहमी ‘लो’मध्ये टाकावा. ‘हाय’मध्ये हळूहळू चालवत राहिल्यास काही वेळातच जळक्या रबराचा वास येतो. तो वास म्हणजे पट्टा भाजल्याची खूण आहे, तेव्हा गाडी लगेच थांबवून पट्टा निववावा.

फवारणीसाठी एटीव्ही वापरताना पाण्याचे वजन आधी मांडावे, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मागच्या रॅकची मर्यादा मोठ्या गाडीतही साधारणतः ९० ते ११० किलोच असते आणि टाकी, पंप आणि बूम (नोझल बसवलेली आडवी नळी) यांचे वजन त्यातच मोजावे लागते. त्यामुळे १०० लिटरची टाकी रॅकवर बसत असली तरी ती पूर्ण भरून चालवणे योग्य नाही. अर्धी भरलेली टाकी याहून फसवी असते, कारण आतले पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि नेमक्या चुकीच्या क्षणी गाडीला ढकलते. आत आडवे पडदे असलेली टाकी घ्यावी, आणि पाणी जास्त न्यायचे असेल तर रॅकऐवजी मागे ओढायची चाकांची टाकी वापरावी.

औषधाचे प्रमाण वेगावर अवलंबून असते आणि चिखलात वेग सारखा बदलतो, हा एटीव्हीच्या फवारणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. हेक्टरी लिटर काढण्यासाठी सर्व नोझलमधून एका मिनिटात पडणाऱ्या पाण्याला ६०० ने गुणावे आणि ताशी किलोमीटर वेग गुणिले मीटरमधील फवारणीची रुंदी या संख्येने भागावे. उदाहरणार्थ, ४ मीटर रुंदीच्या बूममधून मिनिटाला ८ लिटर पाणी पडत असेल आणि गाडी ताशी ६ किलोमीटरने जात असेल तर हेक्टरी २०० लिटर पडतात. त्याच गाडीचा वेग चिखलामुळे ४ वर आला तर ३०० लिटर, म्हणजे दीडपट औषध पडते, आणि तणनाशकाच्या बाबतीत ही दीडपट पिकाला भोवते. वेग तपासण्यासाठी रानातच, टाकी अर्धी भरून, १०० मीटर अंतर मोजावे. ताशी ६ किलोमीटरला ते कापण्यास बरोबर ६० सेकंद लागतात. ही चाचणी डांबरी रस्त्यावर घेऊ नये, कारण तेथे चाक घसरत नाही आणि वेगमापक दाखवतो तेवढीच गाडी पुढे जाते.

उलटण्याचा धोका या गाडीत खरा आहे आणि ओल्या उतारावर तो वाढतो. गाडी उंच आणि अरुंद असल्यामुळे चालवणाऱ्याचे शरीर हाच तिचा समतोल असतो. चढताना पुढे झुकावे, उतरताना मागे सरावे, आणि उताराला आडवे जाणे शक्यतो टाळून सरळ वर किंवा सरळ खाली जावे. एका सीटच्या गाडीवर मागे दुसऱ्याला बसवू नये, लहान मुलांना मोठ्या गाडीवर चढू देऊ नये आणि हेल्मेट शेताच्या आतही घालावे. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाड बाइकना, म्हणजे अशाच एटीव्हींना, उलटल्यावर चालकाचे रक्षण करणारी चौकट असणे बंधनकारक आहे. तशी चौकट मिळत असेल तर ती जरूर बसवावी. ओढायचा दोर किंवा ट्रेलर फक्त मागच्या हुकालाच जोडावा. रॅकला दोर बांधून ओंडका ओढला तर ओढ वरून लागते आणि पुढची चाके उचलून गाडी चालकाच्या अंगावर मागे कोसळते. कंपनी ओढण्याची क्षमता ६०० किंवा ७५० किलो सांगते ती सपाट, टणक जमिनीवरची समजावी. निसरड्या उतारावर भरलेला ट्रेलरच गाडीला खाली रेटतो.

गाडी रुतलीच तर गॅस वाढवू नये. चाक जागच्या जागी फिरले की खड्ड्याच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि दोन मिनिटांत गाडी पोटावर बसते. आधी ओझे उतरवावे, चाकांपुढे फांद्या किंवा गवताच्या पेंढ्या टाकाव्यात आणि मग ‘लो’मध्ये हळूच निघावे. विंच, म्हणजे तार ड्रमवर गुंडाळून गाडी ओढून काढणारे यंत्र, वापरताना इंजिन सुरू ठेवावे म्हणजे बॅटरी बसत नाही, तारेचे किमान पाच वेढे ड्रमवर राहू द्यावेत, झाडाला रुंद पट्टा गुंडाळावा आणि ताणलेल्या तारेवर जाड गोणपाट टाकून माणसांना दूर उभे करावे.

ओढा पार करताना पाणी पाय ठेवण्याच्या फळीच्या वर येत असेल तर माघारी फिरावे. पट्ट्याच्या पेटीत पाणी गेल्यास इंजिन फिरते पण गाडी हलत नाही. अशा वेळी पेटीच्या तळाचे बूच काढून पाणी सोडावे आणि न्यूट्रलमध्ये काही वेळ इंजिन चालवून पट्टा सुकवावा. काम संपल्यावर रेडिएटरच्या जाळीतला चिखल त्याच दिवशी मंद पाण्याने काढावा, कारण वाळलेला चिखल हवा अडवतो आणि पुढच्या फेरीत इंजिन तापते. जोराचा फवारा बेअरिंग व ऑइल सीलवर धरू नये. आसाच्या रबरी टोप्या फाटल्या आहेत का ते पाहावे आणि ब्रेक दोन-तीनदा हलके दाबत गाडी थोडी चालवून ते सुकवावेत. ज्या दिवशी गाडी खोल पाण्यातून गेली असेल त्याच्या दुसऱ्या सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसत असेल तर चावी फिरवू नये आणि आधी ते बदलून घ्यावे.