ईसीजी काढला नव्हता, हे सिद्ध झालं. केस तरी गेली

ग्राहक आयोगात मेडिकल निष्काळजीपणाच्या तक्रारी नव्यानं चालवणाऱ्या ज्युनिअर वकिलांसाठी लिहितोय. दोन वर्षांची मुदत, व्ही. पी. शांथा (१९९५), जेकब मॅथ्यू (२००५) हे सुप्रीम कोर्टाचे निकाल, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. मी जिथं पडलो तेवढंच सांगतो.

सांगलीतली माझी पहिली स्वतंत्र केस. तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार, मधुमेही. संध्याकाळी छातीत जळजळ, खांद्यात कळ, दरदरून घाम. दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. सकाळी मिरजेला नेलं, दुपारी हृदयविकारानं गेले. ईसीजी काढला नाही, हे डॉक्टरांनी उलटतपासणीत कबूल केलं. मला वाटलं, जिंकलो.

युक्तिवादाला आयोगाच्या सदस्यांनी एकच विचारलं, "वकीलसाहेब, ईसीजी काढला असता तर पेशंट वाचला असता, हे कुणी म्हटलंय?"

कुणीच म्हटलं नव्हतं. माझ्या तज्ज्ञाच्या शपथपत्रात ‘ईसीजी काढायला हवा होता’ एवढंच होतं. समोरच्यांनी मांडलं की सुरुवातीचा ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, आणि सकाळचा झटका नवाही असू शकतो. दोन्ही गोष्टी वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहेत, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्रार फेटाळली.

नीट समजून घ्या, चूक सिद्ध करणं वेगळं आणि त्या चुकीमुळंच माणूस गेला हे सिद्ध करणं वेगळं. निदान चुकलेल्या केसमध्ये आजार डॉक्टरनं दिलेला नसतो, तो आधीच अंगात असतो. म्हणून ‘वेळेत कळलं असतं तर काय बदललं असतं’ हे तुम्हालाच दाखवावं लागतं. इंग्लंडच्या बार्नेट खटल्यात चहातून विषबाधा झालेल्या पहारेकऱ्याला डॉक्टरांनी न तपासताच परत पाठवलं. हलगर्जीपणा मान्य झाला, पण विष आर्सेनिकचं होतं आणि तपासलं असतं तरी तो वाचला नसता, म्हणून दावा गेला.

तज्ज्ञाला तीन प्रश्न लेखी विचारा: त्या वेळी तपासणी केली असती तर काय दिसलं असतं? दिसल्यावर कोणते उपचार झाले असते? त्यांनी रुग्ण वाचण्याची शक्यता न वाचण्यापेक्षा जास्त होती का? तिन्हींची उत्तरं कारणांसह शपथपत्रात हवीत. ओळखीच्या डॉक्टरचं फोनवरचं मत कवडीमोलाचं. जिल्ह्यातले डॉक्टर सहसा एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत, बाहेरचा तज्ज्ञ शोधा.

"व्ही. किशन राव दाखव, तज्ज्ञ लागत नाही" म्हणणाऱ्या सिनिअरचं ऐकू नका. मी ऐकलं, म्हणून तज्ज्ञाकडून जास्त काही लिहून घेतलं नाही. २०१० च्या त्या निकालात तज्ज्ञ ‘प्रत्येक केसमध्ये’ लागत नाही एवढंच आहे. तिथं मलेरियाच्या रुग्णावर टायफॉईडचे उपचार झाले होते, चूक उघड्या डोळ्यांनी दिसत होती. हृदयविकाराच्या वेळेचा हिशेब तसा दिसत नाही.

घाबरू मात्र नका. शंभर टक्के खात्री कुणी मागत नाही, पारडं झुकलं तरी पुरतं. कार्डिओलॉजी शिकायची गरज नाही, पण हातातला प्रत्येक कागद वाचायलाच हवा. रेकॉर्डची मागणी लेखी करा, पोहोच घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं.

कागदांचं मी एवढं का सांगतो? अपिलाची तयारी करताना मिरजेच्या हॉस्पिटलचा सकाळचा ईसीजी पुन्हा पाहिला. मी जोडलेल्या झेरॉक्समध्ये गुलाबी चौकटी काळ्या पडून रेषाच हरवल्या होत्या. पेशंटच्या घरच्या काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून मूळ कागद काढून दिला. कोपऱ्यात पेनानं ‘क्यू वेव्ह’ (ईसीजीच्या रेषेतली खाली जाणारी लाट) लिहिलं होतं. पुण्यातल्या कार्डिओलॉजिस्टनी पाहताच सांगितलं, अशा खोल क्यू वेव्ह यायला बहुतेक वेळा काही तास जातात. म्हणजे झटका आदल्या संध्याकाळचा असण्याची शक्यता मोठी. हे शब्द शपथपत्रात पहिल्याच वेळी यायला हवे होते.

अपील ४५ दिवसांच्या आत दाखल केलं. ईसीजी आधीपासून रेकॉर्डवर आहे, पण कार्डिओलॉजिस्टचं शपथपत्र नव्यानं दाखल करायला परवानगी मागावी लागली आणि त्यावर समोरून हरकत आली आहे. काकू दर तारखेला विचारतात, "तो कागद दाखवला का?"