दुर्बिणीसाठी आयपीस घेताय? आधी या चुका टाळा

बजेट कमी असलं की आयपीसच्या (दुर्बिणीत डोळा लावायच्या भिंगाच्या) बाबतीत सगळ्यात जास्त पैसे कशात वाया जातात तर मॅग्निफिकेशनच्या मागे लागण्यात. मीपण हेच केलं. ११४/९०० ची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण होती (आरसा ११४ एमएम रुंद, फोकल लेंथ म्हणजे आरशापासून प्रतिमा पडते तिथवरचं अंतर ९०० एमएम), तिच्याबरोबर आलेला ४ एमएम आयपीस आणि प्लास्टिकचा ३एक्स बारलो (पॉवर तिप्पट करणारं जोडभिंग) लावला, म्हणजे ६७५ पट, आणि गुरू कसा दिसला तर पिवळट थरथरणारा गोळा, पट्टे नाहीत काही नाही. आईला मुद्दाम गच्चीवर बोलावलं होतं, ती बघून काही न बोलता खाली गेली, फार वाईट वाटलं. नंतर १० एमएमचा साधा प्लॉसल (आयपीसचा एक प्रकार) घेतला, त्यात ९० पटीला दोन पट्टे आणि चारही चंद्र स्वच्छ!

हिशोब सोपा आहे, दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसचे एमएम. आणि वरची मर्यादा साधारण आरशाच्या एमएमच्या दुप्पट, म्हणजे ११४ ला २२८ च्या आसपास, तीसुद्धा हवा एकदम स्थिर असेल तर. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून बघताना १५० च्या पुढे बहुतेक वेळा नुसतं पाण्यात हलल्यासारखं दिसतं, त्यात आयपीसचा काही दोष नसतो. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, मग बघा.

दुसरी चूक म्हणजे मोठ्या एमएमचा आयपीस ‘कमी पॉवरचा’ म्हणून बाजूला ठेवणं. अहो, सगळ्यात जास्त वापरला जातो तो तोच! १३०/६५० मध्ये २५ एमएम प्लॉसल लावला की २६ पट आणि जवळपास २ अंश आकाश मिळतं, अख्ख्या कृत्तिका एका नजरेत मावतात.

बारलो घ्यायचा असेल तर आधी भागाकार करा. २० आणि १० एमएम असताना २एक्स बारलो घेतला तर २० चा १० होतो, जो तुमच्याकडे आहेच. २५ आणि १० असतील तर १२.५ आणि ५ पण मिळतात, मग पैसे वसूल.

चष्मा असेल तर ६ एमएमचा प्लॉसल घेऊ नका. डोळा जेमतेम ४ एमएमवर न्यावा लागतो, पापण्या काचेला घासतात. त्यापेक्षा ६६ अंशाचे (जास्त रुंद दृश्य दाखवणारे) स्वस्त ६ किंवा ९ एमएमचे आयपीस जास्त सुखाचे. नुसता लांबचा-जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला तरी चालतं, सिलिंड्रिकल नंबर असेल तर मात्र कमी पॉवरला चष्मा लागतोच. आणि ऑर्डर करण्याआधी फोकसरचं (आयपीस बसतो त्या नळीचं) भोक पट्टीने मोजा, जुन्या छोट्या दुर्बिणींना २४.५ एमएमचं असतं, हल्लीचे बहुतेक आयपीस ३१.७ चे.

कडेचे तारे शेपटीसारखे दिसतायत? लगेच नवीन आयपीस मागवू नका. आयपीस जागच्या जागी हळूहळू फिरवा, शेपटी त्याच्याबरोबर फिरली तर काचेत घाण किंवा दोष आहे, नाही फिरली तर कॉलिमेशन (आरशांची जुळणी) बघा. एफ/५ च्या (फोकल लेंथ आरशाच्या रुंदीच्या पाचपट असलेल्या) दुर्बिणीत कडेला थोडं होणारच, आरशाचा तो स्वभाव आहे.

आयपीसच्या तळाला स्क्रू करायचा ‘सन फिल्टर’ सेटमध्ये आला असेल तर कृपा करून आजच फेकून द्या. सगळं ऊन तिथेच एकवटतं, काच तडकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्याला फिल्टर पुढच्या तोंडालाच.

आणि काच शर्टाने पुसू नका, आधी ब्लोअरने धूळ उडवा. पावसाळ्यात, खास करून कोकणाकडे, आयपीस घट्ट डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, तिचा रंग बदलला की बदला, कारण बुरशी एकदा कोटिंगवर चढली की डाग राहतातच.