पट्टी लाल आहे की पिवळी? एक्सेलचे मॅक्रो अडतात तेव्हा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ऑफिसचा फोन वाजला की "हॅलो" म्हणायच्या आधी मी विचारते, "पट्टी लाल आहे की पिवळी?" पलीकडचा माणूस सूतवाला असतो नाहीतर यंत्रमागवाला, आणि तो सांगत असतो, "मॅडम, बटण दाबतोय पण काही होतच नाही."

जीएसटीआर-९, म्हणजे जीएसटीचं वार्षिक रिटर्न, त्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर. त्याची ऑफलाइन युटिलिटी म्हणजे मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतच लिहिलेले छोटे प्रोग्राम, भरलेली एक्सेलची फाइल. जीएसटीच्या पोर्टलवरून घेतलेली जेसन फाइल (आकड्यांची साधी फाइल) तिच्यात उघडायची, आकडे भरायचे, तपासायचे, पुन्हा जेसन करून पोर्टलवर चढवायची. ही सगळी कामं बटणांवर चालतात आणि प्रत्येक बटणामागे मॅक्रो असतो. मॅक्रो बंद असतील तर फाइल छान उघडते, रंगीत दिसते, आणि बटण दाबलं की मॅक्रो चालवता येत नाही, एकतर तो या वर्कबुकात नाही किंवा सगळे मॅक्रो बंद आहेत, असा निरोप येतो.

मी इचलकरंजीत अठरा वर्षं खाती लिहिते. शिक्षण बी.कॉम. मॅक्रो लिहायला मला येत नाही, पण तो का अडलाय हे बहुतेक वेळा फोनवरून सांगता येतं. कारण बहुतेकांची चूक एकच असते. अडलेली असते एक फाइल, आणि लोक सेटिंग बदलतात सगळ्या मशीनचं. कुणीतरी सांगितलेलं असतं, "ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन सगळे मॅक्रो एनेबल कर." ट्रस्ट सेंटर म्हणजे एक्सेलच्या सुरक्षेच्या सेटिंग्जची खिडकी. तिथे हात लावू नका. आधी पट्टी बघा.

पट्टी म्हणजे रिबनच्या (वरच्या बटणांच्या ओळीच्या) खाली, फॉर्म्युला बारच्या वर जी आडवी ओळ येते ती. पिवळी असेल आणि तिच्यावर "एनेबल एडिटिंग" असं बटण असेल, तर फाइल फक्त वाचायला उघडली आहे, मॅक्रोचा विषय अजून निघालेलाच नाही. ते दाबा. पुन्हा पिवळी पट्टी आली आणि आता तिच्यावर "एनेबल कंटेंट" असेल, तर फाइल खरंच पोर्टलवरूनच घेतली आहे ना हे एकदा आठवा आणि दाबा. काम झालं. ही फाइल एक्सेल लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी विचारत नाही. मात्र ते लक्षात ठेवतं फाइलच्या जागेसकट. फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली किंवा तिचं नाव बदलून "जीएसटीआर-९ फायनल फायनल" केलं की पट्टी पुन्हा येते. "काल चालत होतं, आज का नाही?" या प्रश्नाचं उत्तर निम्म्या वेळा एवढंच असतं.

पट्टी लाल असेल, सुरुवातीला "सिक्युरिटी रिस्क" लिहिलेलं असेल आणि बटण फक्त "लर्न मोअर" एवढंच असेल, तर एक्सेल तुम्हाला विचारत नाहीये, सांगतंय. इथे परवानगी देण्याची सोयच नाही. ती एक्सेलच्या बाहेर, विंडोजमध्ये द्यायची असते.

एक्सेल बंद करा. फाइल ज्या फोल्डरात आहे तिथे जा, फाइलवर राइट क्लिक, सगळ्यात खाली प्रॉपर्टीज. जनरल या पहिल्याच पानावर तळाशी एक वाक्य दिसेल, की ही फाइल दुसऱ्या संगणकावरून आली आहे आणि म्हणून अडवली असू शकते. त्याच्या बाजूला "अनब्लॉक" असा चौकोन. त्यात टिक, अप्लाय, ओके. आता फाइल उघडा. लाल पट्टी गेलेली असेल. पिवळी येईल, तिला वर सांगितल्याप्रमाणे निपटा.

हे असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ब्राउझरमधून फाइल उतरवली की विंडोज तिला एक चिठ्ठी चिकटवतं. ती फाइलच्या आत नसते, शेजारी लपलेली असते, आणि तिच्यात झोनचा, म्हणजे फाइल कुठून आली त्याचा, आकडा लिहिलेला असतो. ३ म्हणजे इंटरनेट. बऱ्याचदा कुठल्या पत्त्यावरून फाइल आली तेही असतं. पूर्वी ही चिठ्ठी असली तरी एक्सेल पिवळी पट्टी दाखवून तुमच्यावर सोडायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की इंटरनेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो यापुढे थेट अडवणार. जुलैत हा बदल मागे घेतला आणि त्याच महिन्यात पुन्हा चालू केला. म्हणून २०२२ च्या आधीचे यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून काही उपयोग नाही. त्यात सांगितलेलं "सगळे एनेबल करा" हे लाल पट्टीला लागूच पडत नाही. धोका मात्र तुमच्या मशीनला कायमचा लागतो.

चिठ्ठीची आणखी एक गंमत. ती विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. एफएटी-३२ केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकली की चिठ्ठी गळून पडते. त्यामुळे एकच युटिलिटी एका मशीनवर अडते आणि पेनड्राइव्हने नेलेल्या दुसऱ्या मशीनवर निमूट चालते. लोकांना वाटतं पहिलं मशीन बिघडलंय. तसं नाही, ते मशीन आपलं काम करतंय.

आता झिप. युटिलिटी झिपमध्ये येते. झिपला चिठ्ठी असेल तर विंडोज ती सोडवताना आतल्या प्रत्येक फाइलला तीच चिठ्ठी चिकटवतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी झिपवर राइट क्लिक करून अनब्लॉक, मग एक्स्ट्रॅक्ट ऑल. आमच्याकडे आलेल्या नव्या मुलाने पहिल्याच दिवशी झिपवर डबल क्लिक केलं, आत दिसणारी एक्सेल तिथूनच उघडली आणि दोन तास आकडे भरले. झिपच्या आतून उघडलेली फाइल तात्पुरत्या जागी असते आणि फक्त वाचायला असते. संध्याकाळी तो आकडे शोधत बसला. त्याला मी काही बोलले नाही, कारण माझ्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं.

एवढं सगळं करूनही लाल पट्टी जात नाही, आणि प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकचा चौकोनच दिसत नाही, असा एक प्रकार आहे. यात माझा अख्खा शनिवार गेला. आमच्याकडे तीन मशीन आहेत आणि फाइली एकाच मशीनवर शेअर केलेल्या फोल्डरात. त्या मशीनवर युटिलिटी चालायची, उरलेल्या दोनांवर लाल. फाइलला चिठ्ठी नव्हती, कारण ती मी आधीच काढली होती. मग एका डेस्कटॉपवरचा शॉर्टकट बघितला. तो शेअर केलेल्या मशीनच्या नावाने नव्हता, आयपी पत्त्याने, म्हणजे नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याने होता, १९२ ने सुरू होणारा. पत्त्यात ठिपके दिसले की विंडोज ती जागा इंटरनेट समजतं, मग ते मशीन शेजारच्या टेबलावर का असेना. शॉर्टकट काढला, मशीनच्या नावाने पुन्हा केला, पट्टी पिवळी झाली. नावाने उघडत नसेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, लोकल इंट्रानेट, साइट्स, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे तो पत्ता घाला. फक्त तोच.

रोज तेच काम असेल, प्रत्येक ग्राहकाची वेगळी प्रत असेल, तर प्रत्येक फाइलला टिक करत बसणं जिवावर येतं. त्यासाठी ट्रस्टेड लोकेशन आहे. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ट्रस्टेड लोकेशन्स, ॲड न्यू लोकेशन. तिथे एक फोल्डर द्यायचं. त्यात ठेवलेली कुठलीही फाइल मॅक्रोसकट, काहीही न विचारता चालते, चिठ्ठी असली तरी. म्हणूनच डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा अख्खा डी ड्राइव्ह तिथे देऊ नका. आम्ही "युटिलिटी" नावाचं फोल्डर केलंय आणि नियम ठेवलाय की पोर्टलवरून आलेली फाइल मी बघितल्याशिवाय त्यात कुणी टाकायची नाही. सबफोल्डरवर विश्वास ठेवायचा का, यासाठी वेगळी टिक असते. ग्राहकवार फोल्डर असतील तर ती लागते.

त्याच खिडकीत मॅक्रो सेटिंग्ज म्हणून पान आहे, चार पर्यायांचं. पहिला, सगळे बंद आणि सांगायचंही नाही. दुसरा, बंद पण पट्टीने विचारायचं. तिसरा, डिजिटल सही असलेले सोडून बाकी बंद. चौथा, सगळे चालू. तुम्हाला हवा तो दुसरा, आणि मुळात तोच असतो. पट्टी लालही नाही, पिवळीही नाही, तरी बटणं मुकी, असं झालं तर मात्र हे पान बघाच. कुणीतरी पहिला पर्याय लावलेला असतो. बदल केल्यावर उघडी फाइल बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर फरक दिसणार नाही. हे सेटिंग एक्सेलचं वेगळं आणि वर्डचं वेगळं असतं, आणि प्रत्येक लॉगिनचंही वेगळं. पर्याय करड्या रंगाचे असतील आणि दाबताच येत नसतील तर मशीन कंपनीचं आहे. त्यांच्या आयटीवाल्याला विचारा, खटपट करू नका.

पट्टीशी संबंध नसलेला एक अडथळा सांगते, कारण तो मला महाग पडला. एका ग्राहकाच्या मुलाने कॉलेजात असताना मजुरीपत्रकासाठी छान मॅक्रो लिहून दिला होता. मीटर टाकले की कामगारवार मजुरी निघायची. एकदा सेव्ह करताना एक्सेलने विचारलं, की मॅक्रो नसलेल्या प्रकारात हा भाग जतन होणार नाही, चालेल का? घाईत मी "येस" दाबलं. फाइल एक्सएलएसएक्स झाली आणि मॅक्रो कायमचा गेला. नाव बदलून शेवटी एक्सएलएसएम लिहिलं तर फाइल उघडेचना. एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो टिकत नाही, एक्सएलएसएममध्ये टिकतो. त्या प्रश्नाला "नो" म्हणायचं आणि प्रकार निवडून सेव्ह करायचं. मूळ प्रत मुलाच्या जुन्या ईमेलमध्ये सापडली म्हणून निभावलं.

मॅक्रो चालू झाला पण मध्येच कंपाइल एररची खिडकी आली आणि तीत ६४-बिटचा उल्लेख असेल, तर सुरक्षेचा संबंध नाही. युटिलिटी जुनी आहे, नवी आवृत्ती उतरवा. लिबर ऑफिसवाल्यांना टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटी, मॅक्रो सिक्युरिटी इथे चार पातळ्या मिळतील. मीडियम ठेवा, म्हणजे ते विचारेल. पण एक्सेलसाठी लिहिलेले मॅक्रो तिथे अर्धवटच चालतात. वार्षिक रिटर्नच्या वेळी हा प्रयोग करू नका, एक्सेल असलेलं मशीन गाठा.

गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या दुकानात गेले होते. त्याची युटिलिटी पट्टीबिट्टी न येता झटकन चालायची, याचं त्याला कौतुक. ट्रस्ट सेंटर उघडलं तर चौथा पर्याय. तीन वर्षांपूर्वी बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवायला आलेल्याने लावून दिला होता. मधल्या काळात अनोळखी ईमेलमधून आलेलं "इनव्हॉइस" उघडल्यावर दुकानातल्या फाइलींची नावं बदलून गेली होती, आणि हिशेब वाचला तो घरी नेलेल्या बॅकअपमुळे, हे त्याने मला त्या दिवशी सहज बोलता बोलता सांगितलं. मी पर्याय दुसऱ्यावर आणला, एक्सेल बंद करून उघडलं.

"मॅडम, आता ही पिवळी पट्टी आली," तो म्हणाला.

"यायलाच हवी. एनेबल कंटेंट दाबा."