सरपंच-सदस्याच्या अपात्रतेचा अर्ज: आधी बिलाची पोच शोधा

"वकीलसाहेब, अख्ख्या गावाला माहितीये, त्यानं घरपट्टी भरलेली नाही." अपात्रतेचा अर्ज लिहून घ्यायला येणारा हमखास असंच सुरू करतो. माझा पहिला विवाद अर्ज मीही याच भरवशावर टाकला आणि तोंडावर आपटलो.

ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४(१)(ह) नुसत्या थकबाकीवर कुणाला घरी बसवत नाही. मागणीचं बिल रीतसर बजावलं आणि तिथून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत, तर अपात्रता. मी नमुना ९ ची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर मागणी नोंदवहीची, नक्कल जोडली होती. थकबाकी स्वच्छ दिसत होती, पण बिल मिळाल्याची सही कुठंच नव्हती. समोरच्या वकिलानं एवढंच विचारलं, "तीन महिने कुठल्या तारखेपासून मोजायचे?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेव्हा अर्जाआधी माहिती अधिकार वापरा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि नमुना ९ चा उतारा, ९-क म्हणजे कर मागणीचं बिल बजावल्याची पोच, नमुना १० ची कर भरल्याची पावती असं नावानिशी मागा. "करासंबंधी सर्व माहिती" असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येतं.

अतिक्रमणाचं, म्हणजे त्याच कलमाच्या (ज-३) चं, गणित वेगळं. "घर वडलांच्या नावावर आहे, माझा काय संबंध?" हा बचाव सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात मोडीत काढला, घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात सदस्य राहत असेल तरी तो अडकतो. मोबाईलवरच्या फोटोंवर मात्र विसंबू नका. नमुना ८ वर, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, सरकारी जागेचा शेरा आहे का बघा. मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, हाती लागली तर सोनंच. तिसऱ्या अपत्याच्या प्रकरणात १२ सप्टेंबर २००१ नंतरचा जन्मदाखला बोलतो, बाकी कुणी बोलायची गरज नाही.

अर्ज कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं. मतमोजणीत गडबड झाली असेल तर तिथं जाऊ नका. ती कलम १५ ची निवडणूक याचिका, दिवाणी न्यायाधीशांपुढं, निकालापासून १५ दिवसांत.

जिल्हाधिकाऱ्यांचा निकाल विरोधात गेला तर विभागीय आयुक्तांकडं अपील, तेही १५ दिवसांतच आणि आदेशाच्या तारखेपासून. आदेशाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.