अधूनमधून गरम होणाऱ्या गाडीचे निदान

गाडी रोज गरम होत असेल, तर दोष सापडायला फारसा वेळ लागत नाही. खरी अडचण असते ती अधूनमधून गरम होणाऱ्या गाडीची. पुण्यात विद्यापीठ चौकातल्या कोंडीत तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो, आणि गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत तो पुन्हा मधोमध येऊन थांबलेला असतो. मग अंदाजाने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडचा मार्ग उघडणारा वॉल्व्ह) बदलला जातो, पुढच्या वेळी वॉटर पंप, त्यानंतर रेडिएटर, आणि मालक नाना पेठेतून एकेक सुटा भाग आणत राहतो. माझे ठाम मत असे आहे की, गाडी नेमक्या कोणत्या परिस्थितीत गरम होते हे कळेपर्यंत तिचा एकही भाग बदलू नये. अशा गाडीचा निम्मा दोष ती केव्हा गरम होते यातूनच सापडतो.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी. गाडी गरम झाली की त्याच दिवशी नोंद करावी: वेग किती होता, चढ होता की सपाट रस्ता, एसी चालू होता का, गाडी सुरू करून किती वेळ झाला होता, काटा हळूहळू चढला की एकदम उडाला, आणि तो खाली आला तो कशामुळे, गाडी पळू लागल्यामुळे की थांबवल्यामुळे. याखेरीज रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीतली पातळी पाहावी आणि टाकीवर मार्करने रेघ ओढून ठेवावी. ही रेघ पुढे फार उपयोगी पडते, कारण कुलंट कमी होत आहे की नाही, यावर तपासाची दिशा ठरते.

एक सावधगिरी आधीच सांगितली पाहिजे. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण कधीही उघडू नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. गाडीत मात्र प्रेशर कुकरप्रमाणे झाकण दाब धरून ठेवते. बहुतेक झाकणांवर ०.९ किंवा १.१ बार असा आकडा असतो, आणि त्या दाबाखाली निम्मे कुलंट व निम्मे पाणी असलेले मिश्रण सुमारे सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढताक्षणी दाब जातो, सगळे द्रव एकदम उसळते आणि चेहरा व हात भाजतात. याच कारणामुळे झाकणाचे रबर कडक झाले असेल किंवा स्प्रिंग ढिली पडली असेल, तर बाकी सर्व ठीक असूनही गाडी उकळू शकते. झाकण ही स्वस्त वस्तू आहे, पण बदलताना त्याच आकड्याचे घ्यावे.

त्यानंतर इंजिन खरोखर तापते आहे का, हे तपासावे. सेन्सरचा कनेक्टर गंजलेला असेल किंवा वायर तुटत आलेली असेल, तर काटा खोटे सांगतो. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला) स्कॅनर लावून कुलंटचे तापमान पाहत गाडी चालवावी (शेजारी दुसरे माणूस बसवून, स्वतः मोबाईलकडे बघत नव्हे). तापमान ९० अंशांवरून एका सेकंदात १३० झाले आणि लगेच परत आले, तर दोष विजेचा आहे, कारण एवढे धातू आणि पाणी इतक्या चटकन तापत किंवा निवत नाही. याउलट, अनेक गाड्यांचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की साधारण ७५ ते १०५ अंशांच्या पट्ट्यात तो मधोमध स्थिर राहतो. त्यामुळे काटा हलू लागला म्हणजे उशीर झालेला असतो. आता तर कित्येक गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. अशा गाडीच्या मालकाने साधा स्कॅनर घेऊन ठेवावा, हा खर्च वाया जात नाही.

आता वहीतल्या नोंदींकडे वळू. गाडी कोंडीत तापत असेल आणि मोकळा रस्ता मिळताच आपोआप थंड होत असेल, तर पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा. ताशी ४०-५० किलोमीटरच्या वर समोरचा वारा पंख्याचे काम करतो, म्हणून महामार्गावर हा दोष दिसतच नाही. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत तो हमखास दिसतो.

पंखा तपासण्यासाठी गाडी उभी ठेवून इंजिन चालू राहू द्यावे आणि एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसी सुरू होताच किंवा थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. मग एसी बंद करून तापमान वाढू द्यावे. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास पंखा स्वतःहून सुरू झाला पाहिजे आणि काही अंश उतरल्यावर थांबला पाहिजे. तापमान १०५ अंशांच्या वर जाऊनही पंखा फिरत नसेल, तर प्रयोग तिथेच थांबवून एसी पुन्हा लावावा, आणि तरीही पंखा हलला नाही तर इंजिन बंद करावे. हे चक्र बरेच वेळा पाहावे, कारण अधूनमधून अडकणारा पंखा पहिल्या खेपेला नीटच चालतो. ज्या वेळी तो फिरणार नाही, त्याच वेळी त्याच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प (वीज येते का हे दाखवणारा छोटा दिवा) लावावा. दिवा लागला आणि पंखा गप्प असेल, तर बहुधा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले आहेत. अशा मोटरच्या बॉडीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केली की ती एकदम फिरू लागते, आणि यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही. दिवा लागला नाही, तर फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), अर्थिंग आणि वायरिंग पाहावे. फ्यूज बॉक्समध्ये त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल, तर दोघांची अदलाबदल करून पाहणे सर्वांत सोपे. कनेक्टर काढून त्यातल्या पिना जवळून पाहाव्यात. प्लास्टिक पिवळट-तपकिरी पडून वितळले असेल, तर तिथे जोड ढिला आहे आणि गरम झाल्यावर तो तुटतो. दोन वेगांच्या पंख्यात कमी वेगाचा रेझिस्टर जळला, तर पंखा फक्त शेवटच्या क्षणी, पूर्ण वेगाने फिरतो. हे काम करताना हात आणि ओढणी पात्यांपासून दूर ठेवावी, कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

गावात थंड राहणारी गाडी दिवे घाटात, खंबाटकीत किंवा मुंबईहून परतताना खोपोली ते खंडाळ्याच्या चढावर तापत असेल, तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही. इंजिन जेवढी उष्णता निर्माण करते, तेवढी रेडिएटरमधून बाहेर पडत नाही, असा त्याचा अर्थ आहे. सुरुवात बाहेरून करावी. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे असतो, आणि त्या दोहोंमधल्या बोटभर फटीत धूळ, किडे आणि वाळलेला पालापाचोळा यांचा थर साचतो. पुढून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. टॉर्चचा उजेड टाकून त्या फटीत वाकून पाहिले, की मागे मळकट गोधडीसारखा पापुद्रा दिसतो. तो इंजिनाच्या बाजूने पुढे अशा दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. सर्व्हिस सेंटरमधली जोराची फवारणी जवळून मारली तर पातळ पत्रे वाकतात आणि वारा कायमचा अडतो.

रेडिएटर आतून तुंबण्याचे कारण बहुधा आपलेच पाणी असते. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वर्षानुवर्षे टाकीत ओतले, की क्षार नळ्यांत बसतात. इंजिन पूर्ण तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या सगळ्या पृष्ठभागावरून फिरवावा. तापमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने उतरले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. पुढे भर घालताना तयार मिश्रित कुलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरच वापरावे.

थर्मोस्टॅट काढल्यास त्यावरचा आकडा पाहावा. ८२ किंवा ८८ असा काहीसा असतो. पातेल्यात पाणी घेऊन, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून, थर्मामीटरसह ते गॅसवर ठेवावे. त्या आकड्याच्या आसपास वॉल्व्ह उघडू लागला पाहिजे आणि आणखी १०-१५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. एकदा उघडला म्हणून समाधान मानू नये. पाणी निववून पुन्हा तापवावे, असे अनेकदा करावे, कारण अडकणारा वॉल्व्ह काही खेपा नीट उघडतो आणि एखाद्या खेपेला तिरका होऊन थांबतो.

काही गॅरेजांत थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला मिळतो. तो कृपया मानू नका. इंजिन एरवी गरजेपेक्षा थंड राहते, इंधन जास्त जळते, आणि ज्या इंजिनांत हाच वॉल्व्ह उघडताना बायपासचा मार्ग बंद करतो, त्यांत तो नसल्यामुळे गरम कुलंट रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहते, म्हणजे घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते.

रेडिएटरचा खालचा होज पाइपही विसरू नये. इंजिन गरम असताना मदतनीसाला रेस वाढवायला सांगून तो पाइप चपटा होतो का, हे पाहावे. पंप याच बाजूने ओढत असल्यामुळे मऊ पडलेला पाइप जास्त रेसवर आत बसतो आणि रेस सोडली की पुन्हा गोल होतो. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकापाशी रंगीत सुकलेला डाग असेल, तर त्याचे सील गेलेले आहे.

चढ आणि कोंडी यांपैकी कशाशीच मेळ बसत नसेल, काटा मनाला येईल तेव्हा चढून उतरत असेल, तर हवा अडकलेली असू शकते, विशेषतः नुकतेच कुलंट बदललेले असेल तर. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते, आणि इंजिन गरम असूनही हीटरमधून थंड हवा येते. हवा काढण्यासाठी थंड गाडीचे नाक चढाच्या दिशेने करून उभी करावी, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) असल्यास तो बुडबुडे थांबेपर्यंत सैल ठेवावा, आणि पंखा निदान दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्यावे.

राहिला हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांमधल्या सीलचा प्रश्न, ज्याला सगळे घाबरतात. सुरुवातीच्या काळात गॅस्केटची गळती फक्त जोर पडल्यावर होते, त्यामुळे तीही घाटातच दिसते आणि दोष रेडिएटरवर जातो. येथे टाकीवरची रेघ उपयोगी पडते: बाहेर कुठेही ओल, डाग किंवा पायाखालच्या मॅटखाली ओलसरपणा नसताना पातळी उतरत असेल, तर कुलंट इंजिनात जळत असण्याची शक्यता आहे. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होणे, हे दुसरे लक्षण. खात्रीसाठी केमिकल ब्लॉक टेस्ट करून घ्यावी, ज्यात टाकीवरची हवा निळ्या द्रवातून ओढतात आणि ज्वलनाचा वायू असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. ही चाचणी झाल्याशिवाय हेड उघडायला परवानगी देऊ नये, आणि उघडलेच तर ते वाकले आहे का, हे पट्टी लावून मोजल्याशिवाय पुन्हा बसवू देऊ नये.

दुरुस्तीनंतर एका वेळी एकच गोष्ट बदललेली असावी आणि चाचणी त्याच परिस्थितीत व्हावी, ज्या परिस्थितीत गाडी गरम होत होती: तोच घाट, तेवढीच माणसे, एसी तसाच चालू, स्कॅनर समोर. कोंडीत तापणारी गाडी रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर फिरवून काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना टाकीवरची रेघ पाहावी, आणि पुढचे काही आठवडे ती पाहत राहावे.