रोमन इतिहासातली तारीख कशी तपासायची? पॉम्पेईचं उदाहरण घेऊन

इटलीतलं पॉम्पेई हे रोमन शहर इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं हे बहुतेकांना माहितीये, पण महिना कोणता? बऱ्याच पुस्तकांत 24 ऑगस्ट असतं. ते खरं का, हे शोधता शोधता इतिहासकार प्राथमिक साधनं (म्हणजे त्या काळातलीच पत्रं, वस्तू, भिंतींवरचे लेख) कशी वापरतात ते छान कळतं. आणि हो, प्रश्न असाच छोटा आणि नेमका घ्या, "रोमन लोक कसे जगायचे" इथून सुरुवात केली तर हाती काहीच लागत नाही.

1. लिहिणारा कुठे होता ते बघा. स्फोटाचं आपल्याकडे असलेलं एकमेव डोळ्यांदेखतचं वर्णन धाकट्या प्लिनीचं. तेव्हा तो 17 वर्षांचा, नेपल्सच्या उपसागरापलीकडे मिसेनमला होता, आणि इतिहासकार टॅसिटसने विचारलं म्हणून त्याने दोन पत्रं लिहिली तीही साधारण पंचवीस वर्षांनी. पाइनच्या झाडासारखा वर जाऊन फांद्या फुटलेला ढग त्याने स्वतः पाहिला, पण त्याचा मामा जवळच्या स्टॅबिया गावात कसा मेला हे मात्र ऐकीव. वाचताना पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं काढाच.

2. मूळ आहे की नक्कल? प्लिनीच्या हातची पत्रं आज नाहीत, आहेत त्या शतकानुशतकं हाताने उतरवलेल्या प्रती, आणि त्यांत तारीख सगळीकडे सारखी नाही. 24 ऑगस्ट आलं ते यातल्याच काही प्रतींतून.

3. आता जमिनीतलं बघा. उत्खननात डाळिंबं मिळाली, घरांत शेगड्या मिळाल्या, वाइनचे रांजण भरून बंद केलेले मिळाले. हे सगळं ऑगस्टपेक्षा ऑक्टोबरकडे बोट दाखवतं. पण एकेकटी वस्तू कच्ची, शेगडी स्वयंपाकालाही लागतेच ना.

4. लेख सापडला तर नीट मोजा. 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ मिळाली, त्यात "नोव्हेंबरच्या कॅलेंड्सआधी सोळावा दिवस" अशी तारीख. कॅलेंड्स म्हणजे महिन्याची 1 तारीख, रोमन लोक तो दिवसही धरून उलटे मोजायचे, म्हणजे झाली 17 ऑक्टोबर. वर्ष लिहिलेलं नाही. कोळसा फार टिकत नाही म्हणून हे 79 चंच असावं असं बरेच जण म्हणतात, तर आतल्या भिंतीवर तो बराच काळ टिकू शकतो असंही काहींचं म्हणणं आहे, आणि मला तो आक्षेप रास्त वाटतो.

5. आपल्या बाजूच्या पुराव्यालाही सोडू नका. पॉम्पेईत सापडलेलं सम्राट टायटसचं एक झिजलेलं चांदीचं नाणं कित्येक वर्षं ऑगस्टविरुद्धचा पक्का पुरावा मानलं जायचं, कारण त्याच्यावरच्या बिरुदात 15 आकडा वाचला होता, म्हणजे 'इम्पेरेटर' (विजयी सेनापती) हा मान पंधराव्यांदा, आणि तो टायटसला सप्टेंबरमध्ये मिळाला. पुन्हा नीट तपासल्यावर 14 निघाला. झालं, नाणं वादातून बाद.

6. लिहिताना पुराव्याएवढंच लिहा: "इ.स. 79, बहुधा शरद ऋतू". त्यापुढे कोळशाची ओळ, डाळिंबं, प्लिनीच्या प्रती असं एकेक नोंदवा, म्हणजे उद्या नवीन काही सापडलं तर वाचणाऱ्याला कुठली कडी बदलायची ते लगेच दिसेल.