जॅझ ऐकायचा तर मागच्या रांगेपासून

जॅझ म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांनी घडवलेलं संगीत. ते ऐकायला बसताना आधी मोबाइलचा स्पीकर बंद करा आणि साधे, वायरचे का होईना, इअरफोन लावा. त्या बारक्या स्पीकरमधून बास नीट ऐकूच येत नाही. बास म्हणजे माणसाएवढं उंच, उभं धरून बोटांनी छेडायचं तंतुवाद्य, आणि बहुतेक जॅझ त्याच्याच आधारानं चालतो. बास न ऐकता कुणी "मला यातलं काही कळत नाही" म्हणालं, तर मी त्याला दोष देत नाही. त्याच्या कानापर्यंत अर्धंच पोचलेलं असतं.

मी परभणीची, कॉलेजात मराठी शिकवते. वडील बँडपार्टीत क्लॅरोनेट वाजवायचे, परण्यापुढं आणि वरातीपुढं. बँडच्या मालकाचं नाव गाडीवर रंगवलेलं असे, वाजवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नसे. म्हणून कुठलंही संगीत ऐकताना माझा कान आधी मागच्या रांगेत जातो. जॅझच्या बाबतीत हीच वाट सर्वांत सोपी आहे असं माझं ठाम मत आहे. पुढचा वाजवणारा काय करतोय हे मागच्यांकडून कळतं.

सुरुवात ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'पासून करा. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये ही रचना ध्वनिमुद्रित झाली, लांबी नऊ मिनिटांहून थोडी जास्त. घरात पेटी असेल तर पांढरी दोनला सा धरा आणि कोमल गंधार, कोमल निषाद घेऊन काफीचे स्वर वाजवा. सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या लागतील. रचनेतला मोठा भाग याच सात स्वरांवर उभा आहे. चार मात्रांचा एक गट धरला तर बत्तीस गटांचं एक आवर्तन होतं. पहिले सोळा गट पांढरी दोनवर, पुढचे आठ गट सा उचलून काळी दोनवर, शेवटचे आठ परत पांढरी दोनवर. आपल्याकडे तानपुरा जुळला की सा हलत नाही, त्यामुळे हा अर्ध्या स्वराचा चढ आपल्या कानाला जास्तच जाणवतो. त्या वळणाची वाट बघत ऐका. ते येणार हे प्रत्येक वाजवणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तिथं कोण कसा शिरतो यात सगळी गंमत आहे.

आता हीच रचना पुन्हा ऐका, पण फक्त बास. वाजवणाऱ्याचं नाव पॉल चेंबर्स, वय तेव्हा २३. मुख्य धून ट्रंपेटकडे नाही, याच्याकडे आहे. तो एक ओळ विचारतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की झीलकरी "जी जी रं जी" म्हणतात, तसंच. धून संपली की तो मात्रेला एक स्वर या चालीनं चालत राहतो आणि त्याच्या अंगावर बाकी सगळे खेळतात. मग एकदा फक्त ड्रम ऐका. माइल्सचं वाजवणं सुरू होताना जिमी कॉब झांजेवर जो घाव घालतो, तो एकदा कानात बसला की विसरणं नाही. मग बिल इव्हान्सचा पियानो, तोही इतरांच्या मागे वाजताना. ट्रंपेट शेवटी. एकाच दिवशी हे सगळं करायची गरज नाही, पण क्रम उलटा करू नका.

ऐकताना हाताला एक सवय लावा. आपला हात समेवर पडतो. इथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवा. सुरुवातीला हात ऐकत नाही, पहिल्या मात्रेकडे पळतो. ड्रमवाल्याच्या पायाखालच्या झांजा मिटतात तो बारीक आवाज धरला की जमतं. आणि हे जमलं की जॅझ डोक्यातून अंगात उतरतो.

उत्स्फूर्त वाजवणं म्हणजे मनाला येईल तसं वाजवणं, हा गैरसमज सोडून द्या. बाबा शिकाऊ पोरांना म्हणायचे, "आधी सरळ वाजव, मंग फिरव." जॅझवालाही हेच करतो. आवर्तनाचा सांगाडा तोच ठेवतो आणि त्यावर नवी धून रचत जातो. म्हणून तो फिरवत असताना तुम्ही मनातल्या मनात सरळ धून गुणगुणत राहा. खुलताबादच्या उरुसात कव्वाल एकाच मिसऱ्याला, म्हणजे ओळीला, दहा वाटांनी फिरवून परत आणतो तेव्हा आपण "वाह" म्हणतो, कारण मूळ मिसरा आपल्या तोंडात असतो. तसा तो इथंही असू द्या.

दुसरी रचना ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगची 'वेस्ट एंड ब्लूज', २८ जून १९२८. तीन मिनिटांच्या आसपास. सुरुवातीला ट्रंपेट एकटाच येतो, ताल नाही, साथ नाही, आणि ते काही सेकंद जगभर वाखाणले गेले. ते वाखाणाच, पण मला तुम्हाला पुढं न्यायचं आहे. आधी आर्मस्ट्राँग धून वाजवतो, मग ट्रॉम्बोनचं, म्हणजे नळी पुढंमागं सरकवून वाजवायच्या फुंकवाद्याचं, आवर्तन होतं आणि तिसऱ्या आवर्तनात एक क्लॅरोनेट खालच्या सप्तकात, अगदी साधं काहीतरी बोलतं. आर्मस्ट्राँग शब्दांशिवाय, नुसत्या आवाजानं त्याला उत्तर देतो. क्लॅरोनेटवाला जिमी स्ट्राँग. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. पण तिथं त्यानं बोटांची चपळाई दाखवली असती तर तो संवाद मोडला असता. कमी वाजवणं ही केवढी मोठी कला आहे हे मला या काही सेकंदांनी पटवलं. त्यानंतर अर्ल हाइन्सचा पियानो आहे, आणि शेवटच्या आवर्तनात ट्रंपेट एकच उंच स्वर चार गट, म्हणजे सोळा मात्रा धरून ठेवतो. श्वास रोखून मोजा.

ही रचना ब्लूज आहे. ब्लूज म्हणजे बारा गटांचं आवर्तन, अठ्ठेचाळीस मात्रा. गायचं असेल तर बहुधा पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार गट मिळतात. शब्द साधारण अर्ध्या जागेत संपतात, उरलेली जागा वाद्याची. हे समजून घ्यायला पुस्तक नको. मांडीवर सावकाश मात्रा मोजा आणि आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंची ओळ म्हणा: "दळिता कांडिता, तुज गाईन अनंता." थांबा, मात्रा चालू ठेवा. पुन्हा तीच ओळ. थांबा. मग "न विसंबे क्षणभरी, तुझे नाम गा मुरारी." ब्लूजचा साचा जिभेवर आला. वर्गात मी हे करून घेते. पोरं आधी हसतात आणि तिसऱ्या फेरीला त्या मोकळ्या जागेत बाकावर ठेका धरायला लागतात.

जात्यावरच्या ओव्यांतही ओळ परत परत येते आणि तिच्या आधारानं पुढची सुचते. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत, १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या. त्या इंटरनेटवर मिळतात, जरूर ऐका. त्यांच्यानंतर लँगस्टन ह्यूज ऐका. या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीनं १९२६ च्या पहिल्याच संग्रहात ब्लूजची लय कवितेत आणली, आणि १९५८ मध्ये स्वतःच्या कविता जॅझच्या साथीनं वाचून रेकॉर्डही केल्या. रेकॉर्डच्या एका बाजूच्या साथीला बासवादक चार्ल्स मिंगस होता. ऐकण्याआधी कविता छापील मिळवून मोठ्यानं वाचा. तुम्ही कुठं थांबलात आणि तो कुठं थांबतो, एवढं ताडून बघा. त्याची इंग्रजी सोपी आहे. आणि हा आवाज मराठवाड्याला परका नाही. लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्यावर मराठीत आस्थेनं लिहून ठेवलंय, आणि १९७२ च्या दलित पँथरनं तर नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं.

दुर्लक्षित माणूस कसा शोधायचा? आवडलेल्या रेकॉर्डवरची सगळी नावं वाचा, त्यातलं तिसरं-चौथं उचला आणि ते शोधा. गाण्याच्या संगीतकाराचं नाव तर कधीच सोडू नका. गायिका बिली हॉलिडेच्या 'लेडी सिंग्ज द ब्लूज'ची धून कुणाची, असं बघत गेलात तर हर्बी निकोल्स सापडतो. न्यूयॉर्कचा पियानोवादक, जन्म १९१९. स्वतः कविताही लिहायचा. १९५५-५६ मध्ये ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी त्यानं आपल्या रचना वाजवल्या, ड्रमला आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच यांच्यासारखे लोक होते. पण पोटासाठी तो जुन्या ढंगाच्या बँडांत दुसऱ्यांच्या धुना वाजवत राहिला आणि १९६३ मध्ये ४४ व्या वर्षी ल्युकेमियानं गेला. त्याची कहाणी नीट लिहिली ती ए. बी. स्पेलमन या कवीनं, १९६६ मध्ये. निकोल्स ऐकताना ड्रमकडे लक्ष द्या. पियानोच्या ओळींमध्ये तो ड्रमला बोलायला मुद्दाम जागा ठेवतो. मला तो थोरांच्या रांगेतला वाटतो, आणि हे मी वर्गातही तितक्याच जोरानं सांगते.

आपल्याकडेही हेच झालं. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला जॅझ सगळ्यांनी गुणगुणला, १९५१ च्या 'अलबेला'ची गाणी तर बँडवाल्यांची हुकमी. पण त्यांचे सहायक, गोव्याचे ट्रंपेटवादक अँटोनिओ झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट किती जणांना माहीत आहेत?

आता आपल्या गावाकडे वळा आणि इथले वाजवणारे मोबाइलवर रेकॉर्ड करा. हलगीवाले, संबळवाले, बँडमधले क्लॅरोनेट आणि ट्रंपेटवाले, सगळे. उशीर करू नका, कारण दात गेले की ओठांची पकड सुटते आणि फुंकीचं वाद्य हातात असूनही वाजत नाही. बाबांचं तेच झालं. आषाढीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाच्या सुपाऱ्या नसतात, तेव्हा ही माणसं भेटतात. पत्र्याच्या दुकानात रेकॉर्ड करू नका, आवाज घुमतो. गोधड्या-वाकळांची खोली चांगली, नाहीतर वारा नसताना झाडाखाली. क्लॅरोनेटचा आवाज नुसत्या तोंडातून नाही, बोटांखालच्या भोकांतूनही येतो, म्हणून मोबाइल वाद्याच्या मधल्या भागासमोर दोन हात अंतरावर ठेवा. ट्रंपेटच्या तोंडासमोर ठेवू नका, जरा बाजूला धरा. हलगी शेकून ताणली की लगेच घ्या, आणि संबळेपासून चार-पाच पावलं लांब राहा, नाहीतर आवाज फाटतो. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका.

आधी त्यांना येणारं, लोकांचं आवडतं गाणं वाजवू द्या. मग म्हणा, "आता तुमच्या मनाचं वाजवा." पहिल्यांदा नाही म्हणतील. तेव्हा गप्प बसायचं, विषय बदलायचा नाही. वाजवून झालं की कुणाकडून शिकलात, ते कुठल्या गावचे, हे विचारा आणि रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. सोबत खुळखुळा वाजवणारा पोरगा असेल तर त्याचंही पूर्ण नाव लिहा. तासाभराचे पैसे द्या, सुपारीच्या हिशोबानं. चहावर भागवू नका. फाइल त्यांच्याच व्हॉट्सॲपवर तिथंच बसून पाठवा आणि इंटरनेटवर टाकू का, हे त्यांनी ती ऐकल्यावर विचारा. नको म्हणाले तर टाकू नका. फाइलच्या नावात आधी वाजवणाऱ्याचं नाव, मग वाद्य, गाव, तारीख. गाण्याचं नाव सगळ्यात शेवटी.